जुन्या छापील चित्रांतले बालपण: काय जमवावे, कसे तपासावे, कसे जपावे

कागदवेल

जुन्या छापील चित्रांत बालपणाचे प्रसंग विपुल आढळतात. शाळेबाहेरच्या मैदानातला खेळ, ओढ्यावरून पळत सुटलेली पोरे, खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेली मुलगी, साबणाच्या फुग्याकडे मान वर करून पाहणारा लहानगा. अशी चित्रे जमवणारे बहुतेक जण ‘हे पाहून जुने दिवस आठवले’ एवढ्या एका कारणावर चित्र निवडतात. त्या ओढीला मी मुळीच कमी लेखत नाही, कारण तिच्याशिवाय कोणी या वाटेला जाणारच नाही. मात्र या चित्रांतली हळहळ आपण आज त्यांच्यात घातलेली नाही, ती छापली गेली त्या दिवसापासूनच त्यांच्यात होती, असे माझे मत झाले आहे. हे एकदा ध्यानात आले की काय घ्यावे आणि काय सोडावे हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

इंग्लिश चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांचे १८७९ मधील ‘चेरी राइप’ हे चित्र घ्या. पांढरा झगा, गुलाबी कमरपट्टा, डोक्यावर झालरीची मोठी टोपी आणि मांडीवर जुळवून ठेवलेले हात, अशी एक लहान मुलगी थेट आपल्याकडे पाहते आहे. हा तिचा रोजचा पोशाख नव्हता. एका वेशभूषेच्या समारंभासाठी तिला जोशुआ रेनल्ड्स यांच्या १७८८ मधील पेनेलपी बूथबी या बालिकेच्या चित्राप्रमाणे सजवले होते. म्हणजे १८७९ मधली खरी मुलगी नव्वद वर्षांपूर्वीच्या चित्रातली मुलगी होऊन बसली आहे. ‘द ग्राफिक’ या लंडनच्या साप्ताहिकाने १८८० च्या नाताळ अंकाबरोबर या चित्राची रंगीत छापील प्रत दिली आणि तिच्या सुमारे सहा लाख प्रती खपल्या. त्या सहा लाख घरांत जे बालपण भिंतीवर लागले, ते त्या घरांतल्या कोणीही जगलेले नव्हते.

मुलांच्या पुस्तकांच्या इंग्लिश चित्रकर्त्या केट ग्रीनअवे यांचेही तसेच आहे. त्यांचा जन्म १८४६ चा, पण त्यांच्या चित्रांतली मुले एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचे, त्यांच्या जन्माच्याही आधीचे कपडे घालतात. उंच कमरेचे झगे, मोठ्या कडांच्या टोप्या, वेलबुट्टीच्या कुंपणाआडच्या बागा. १८७९ मध्ये मुद्रक एडमंड एव्हान्स यांनी त्यांच्या पहिल्या मोठ्या पुस्तकाची पहिलीच आवृत्ती २०,००० प्रतींची काढली आणि तीही पुरली नाही. अमेरिकेत विन्स्लो होमर यांनी १८७२ मध्ये एकखोली शाळेसमोर हात धरून साखळी करून धावणारी मुले रंगवली आणि ‘हार्पर्स वीकली’ने २० सप्टेंबर १८७३ च्या अंकात त्याचा दोन पाने भरणारा लाकडी ठसा छापला. यादवी युद्ध नुकतेच होऊन गेलेले, खेडी सोडून माणसे शहरांकडे निघालेली, अशा काळात ते चित्र लोकांसमोर आले. त्या अंकाच्या वाचकालाही ते चित्र मागे वळून पाहायलाच लावत असणार.

म्हणून कोणतेही चित्र घेताना मी तीन काळ वेगवेगळे मांडते: चित्रातला प्रसंग कोणत्या काळातला दाखवला आहे, चित्र केव्हा काढले गेले आणि हातातली प्रत केव्हा छापली गेली. पहिल्या दोहोंतले अंतर जितके बोलके, तितके ते चित्र मला जवळचे वाटते. तिसरा काळ सर्वांत फसवा असतो, कारण चित्राखाली छापलेले स्वामित्वहक्काचे वर्ष हे बहुधा चित्राचे वर्ष असते, प्रतीचे नव्हे. मिले यांचेच १८८६ मधील फुगे उडवणाऱ्या मुलाचे चित्र आधी एका सचित्र साप्ताहिकाच्या मालकाने विकत घेतले आणि त्याच्याकडून ते पेअर्स या साबण कंपनीकडे गेले. जाहिरातीसाठी त्यात साबणाची वडी घातली गेली आणि पुढे कित्येक वर्षे ते पुन्हा पुन्हा छापले गेले. त्या चित्राची ‘जुनी प्रत’ म्हणजे नेमकी कोणती, हा प्रश्न विचारल्याशिवाय ती घेण्यात अर्थ नाही.

आपण प्रत कशी तपासता, कशी जपता आणि संग्रहाची मर्यादा कशी आखता, हे जाणून घ्यायला आवडेल.

भिंगातून

तिसऱ्या काळाबद्दल लिहितो, कारण तो कागदावरच वाचता येतो. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. ते चित्रातल्या मुलाच्या गालावर धरावे. तिथे फिकट गुलाबी रंग हळूहळू विरत जातो आणि तो उतार छापणाऱ्याने कसा साधला आहे यावरून पद्धत ओळखू येते.

क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेले रंगीत चित्र असेल, तर गालावर हाताने टिंबलेले ठिपके दिसतात. ते लहानमोठे असतात, कोणत्याही रांगेत नसतात आणि एका रंगाचे ठिपके दुसऱ्या रंगाच्या ठिपक्यांवर कसेही पडलेले असतात. गोदफ्रुआ एंगेलमान यांनी १८३७ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागतो, त्यामुळे उत्तम कामात दहा-बारा आणि कधी त्याहून अधिक छपाया एकावर एक झालेल्या असतात. चित्राच्या कडेला एखादा रंग केसभर सरकलेला दिसला तर तो दोष मानू नये, कारण वेगवेगळ्या दगडांवरून छपाई झाल्याची ती खूण असते. ग्रीनअवे यांची चित्रे एव्हान्स यांनी लाकडी ठशांवरून छापली, तिथे ठिपक्यांऐवजी कोरलेल्या बारीक रेषा दिसतील, अगदी गालावरच्या लालीतसुद्धा.

हाफटोन, म्हणजे फोटोवरून ठिपक्यांत उतरवलेली छपाई, ही मात्र यंत्राची जाळी आहे. ठिपके समान अंतरावर असतात आणि चार रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत ठेवलेल्या असल्यामुळे ठिपक्यांची लहान लहान फुले उमटतात. रंगीत हाफटोन १८९० च्या दशकापासून रुळला. म्हणून ‘चेरी राइप’च्या प्रतीवर अशी फुले दिसली तर ती १८८० ची असूच शकत नाही. कधी कधी हाताने टिंबलेले ठिपके आणि त्यांच्यावर जाळीही, असे दोन्ही एकदम दिसते. अशा वेळी जुन्या क्रोमोलिथोग्राफचा फोटो घेऊन नंतर छापलेली प्रत आपल्या हातात आहे असे समजावे. संगणकाच्या इंकजेट छपाईत जाळी नसते, अतिशय बारीक रंगीत शिंतोडे असतात आणि रेषांच्या कडा भिंगाखाली विरघळल्यासारख्या दिसतात. ती प्रत फार तर १९९० च्या आसपासची किंवा त्यानंतरची.

कागदासाठी अतिनील दिव्याची लहान बॅटरी उपयोगी पडते. साधारण १९५० नंतरच्या कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायने सर्रास घातली जाऊ लागली आणि अंधारात त्या दिव्याखाली असा कागद निळसर पांढरा उजळतो. १९०५ ची म्हणून दाखवलेली प्रत अशी उजळली तर संशय घ्यावा. मात्र कागद उजळला नाही म्हणून प्रत जुनी ठरत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

उत्सुक

एक शंका आहे. चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांचे ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाचे ४ जून १९२१ चे मुखपृष्ठ, ज्यात पोहण्याची मनाई असलेल्या पाटीसमोरून मुले कपडे सावरत पळत आहेत, ‘मूळ मुखपृष्ठ’ म्हणून मला दाखवण्यात आले. रंग भरपूर आणि सुंदर आहेत. भिंगाखाली हाफटोनची फुलेही दिसतात आणि १९२१ मध्ये हाफटोन होताच. मग ते मूळच मानावे ना?

भिंगातून

नाही मानता येणार, आणि कारण त्या ‘भरपूर रंगां’तच आहे. त्या साप्ताहिकाची मुखपृष्ठे १९२६ पर्यंत काळ्या आणि लाल अशा दोनच शायांत छापली जात. चार रंगांत छापलेले पहिले मुखपृष्ठ रॉकवेल यांचेच, ६ फेब्रुवारी १९२६ च्या अंकाचे. त्यामुळे १९२१ च्या मूळ मुखपृष्ठात निळा किंवा हिरवा ठिपका सापडताच कामा नये. आपल्याला दाखवलेली प्रत मूळ तैलचित्रावरून नंतर छापलेली असावी.

याशिवाय पान उलटून पाहावे. मुखपृष्ठाच्या मागे अंकाचा भाग म्हणून छापलेला मजकूर किंवा जाहिरात असते, मणक्याच्या बाजूला टाचण्यांची भोके असतात आणि बरेचदा समोर वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी किंवा तिचा डाग असतो. अनेक जण पत्त्याची चिठ्ठी खरवडून काढतात, ते मला पटत नाही. ती प्रत एका घरी टपालाने पोचली होती याचा तो पुरावा आहे. होमर यांच्या ‘हार्पर्स’मधल्या ठशाचेही असेच आहे. तो मधोमध घडी पडलेला आणि मागे साप्ताहिकाची पाने छापलेला असायला हवा. मोठे ठसे अनेक लहान लाकडी ठोकळे जोडून, वेगवेगळ्या कोरक्यांकडून कोरून घेत. जोड नीट बसला नसेल तर चित्रातून आरपार जाणारी एक बारीक पांढरी रेघ दिसते. आकाशात किंवा गवतात ती शोधावी, मला ती सापडली की फार आनंद होतो.

बांधणीकार

मी पुस्तकबांधणी आणि जुन्या कागदांची डागडुजी करतो, म्हणून जपणुकीबद्दल लिहितो.

या चित्रांचे सर्वाधिक नुकसान त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच केलेले असते, कारण आवडते चित्र लोक उजेडात टांगतात. उजेडाने होणारी हानी साठत जाते आणि भरून येत नाही. चित्र काही वर्षे अंधारात ठेवले म्हणून उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालये कागदावरच्या चित्रांसाठी साधारण ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) इतकाच मंद प्रकाश ठेवतात आणि तोही काही महिनेच. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अॅक्रिलिक जरूर वापरावे, पण दिसणारा प्रकाशही रंग उडवतो आणि तो कोणतीच काच अडवत नाही. बालचित्रांत हे विशेष जाणवते, कारण जुन्या छपाईच्या शायांत पिवळा आणि गुलाबी हे रंग बहुधा आधी उडतात आणि निळा टिकून राहतो. मुलांचे चेहरे निळसर, आजारी दिसू लागले की ते चित्र वर्षानुवर्षे उन्हासमोर होते असे समजावे. घरी टांगायला चांगली नवी प्रत छापून घ्यावी आणि मूळ प्रत सपाट पेटीत ठेवावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरा शत्रू फ्रेमच्या आत असतो. जुन्या फ्रेममध्ये चित्रामागे लाकडी फळी किंवा स्वस्त पुठ्ठा लावलेला असतो आणि त्यातले आम्ल चित्राच्या कागदात उतरते. चित्राभोवती माउंटच्या, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खिडकीच्या आकाराची तपकिरी चौकट उमटलेली आपण पाहिली असेल, ती याच कारणाने. माउंट सुती लगद्याच्या, आम्लरहित बोर्डाचा असावा. चित्र त्याला चारही बाजूंनी चिकटवू नये, फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावाव्यात, म्हणजे हवेतल्या ओलाव्याने कागद फुगला-आकसला तरी त्याला हलायला जागा राहते. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते. सेलोटेप कधीही लावू नये. काही वर्षांत त्याचा चिकटा पिवळा होऊन कागदाच्या आत मुरतो आणि तो डाग काढणे आम्हालाही फार जड जाते. चित्र काचेला टेकलेलेही नसावे, दमट हवेत ते काचेला चिकटते.

पेटीत ठेवताना प्रत्येक चित्रामध्ये आम्लरहित कागद घालावा. पारदर्शक पाकिटे हवी असतील तर पॉलिएस्टरची घ्यावीत, पीव्हीसीची नकोत. ओलावा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आणि शक्यतो स्थिर असावा, कारण दमट जागेत बुरशी येते आणि कसर लागते. तपकिरी ठिपके पडलेले चित्र घरी ब्लीचने धुण्याचे सल्ले वाचायला मिळतात. तसे कृपया करू नये. हाताने रंगवलेल्या चित्राचे रंग पाण्यात विरघळू शकतात, आणि ब्लीचने कागदाचा जीवच जातो.

लाकडाच्या लगद्याचा कागद, विशेषतः विसाव्या शतकातल्या मासिकांचा, आतूनच आम्लयुक्त असतो. तो चिंध्यांपासून बनवलेल्या कागदाइतका टिकणार नाही हे मान्य करून त्याला कमीत कमी हाताळावे.

मधुमालती

मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. ज्या बालपणाचा हा संग्रह होतो, ते फार थोड्या मुलांचे होते. अमेरिकेत जेसी विल्कॉक्स स्मिथ यांनी डिसेंबर १९१७ पासून १९३३ पर्यंत ‘गुड हाउसकीपिंग’ या मासिकाची मुखपृष्ठे रंगवली. स्वच्छ कपड्यांतली, भरल्या घरातली, आईच्या कुशीतली मुले. त्याच देशात लुइस हाइन १९०८ पासून राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी कापडगिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे टिपत होते. आपण फक्त पहिली चित्रे जपली तर पुढच्या पिढीला वाटेल की सगळी मुले तशीच वाढली. हळहळ सुंदर असली तरी तिने अर्धे जग झाकले जाते, आणि संग्राहकाने ते उघडपणे म्हटले पाहिजे असे मला वाटते.

कागदवेल

मधुमालती, आपला आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळू इच्छित नाही. उलट माझ्या तीन काळांच्या नोंदीला आपण चौथा प्रश्न जोडलात: हे बालपण कोणाचे, आणि कोणाला विकण्यासाठी छापले गेले. मासिकाचे मुखपृष्ठ, साबणाची जाहिरात, कंपनीने वाटलेले कॅलेंडर, यांत मुलांना कसे दाखवायचे ते विकत घेणाऱ्या मोठ्यांच्या इच्छेवर ठरे. ब्राउन अँड बिगेलो या कॅलेंडर कंपनीसाठी रॉकवेल यांनी १९४८ पासून दरवर्षी चार ऋतूंची चार चित्रे काढली. त्यांच्यातली मुले आणि म्हातारे गिऱ्हाइकांच्या भिंतीवर वर्षभर राहावेत, हा त्यांचा उघड हेतू होता. तो लपवून ठेवायचे कारण नाही, आणि त्यामुळे चित्र कमी प्रतीचे होते असेही मी मानत नाही.

स्मिथ यांच्याबद्दल मात्र एक सांगावेसे वाटते. त्या ओळखीच्या घरांतल्या मुलांना आपल्या बागेत खेळायला बोलावत आणि खेळताना त्यांचे निरीक्षण करत. त्यांच्या चित्रांत मूल कॅमेऱ्यासमोर बसल्यासारखे दिसत नाही. ते स्वतःच्या कामात गढलेले असते, बोटे कशात तरी गुंतलेली, मान किंचित वाकडी. भोवतालचे घर निवडलेले असले तरी ती मान खरी आहे. होमर यांच्या चित्रातही काही मुले अनवाणी आहेत आणि साखळीच्या टोकाची दोन तर फेकली जाऊन पडली आहेत. बालपणाच्या चित्रात मुलांना पडू देणारे चित्रकार मला अधिक विश्वासाचे वाटतात. हाइन यांच्या छायाचित्रांची छापील पाने त्याच पेटीत, स्मिथ यांच्या शेजारी ठेवावीत, असे आपल्या आक्षेपावरून मी ठरवले आहे.

पानपान

सुट्या चित्रांच्या बाजाराबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. विकायला येणाऱ्या बालचित्रांपैकी पुष्कळशी पुस्तकांतून कापून काढलेली असतात. चांगल्या स्थितीतल्या एका पुस्तकापेक्षा त्यातली सुटी पाने एकत्रितपणे जास्त पैसे मिळवून देतात, म्हणून व्यापारी पुस्तक फोडतो. आपण सुटे पान घेतो तेव्हा पुढचे पुस्तक फोडायला आपणच प्रोत्साहन देतो. मी अशी पाने घेणे सोडले आहे. सुटी छापली गेलेली चित्रे, कॅलेंडरे, अंकाबरोबर भेट दिलेल्या पुरवण्या आणि पोस्टकार्डे एवढ्यावरच माझा संग्रह थांबतो. मर्यादा आखल्याने काही चित्रांना मुकलो, पण पेटीतल्या प्रत्येक कागदाकडे निर्धास्त पाहता येते. पुस्तकांतली चित्रे पाहण्यासाठी मोठ्या ग्रंथालयांनी ठेवलेल्या संगणकीय प्रती उत्तम आहेत. टोकियोच्या आंतरराष्ट्रीय बालसाहित्य ग्रंथालयाने १९२२ ते १९४४ या काळात निघालेल्या ‘कोदोमो नो कुनी’ या जपानी बालमासिकाची चित्रे अशीच खुली केली आहेत. ती घरबसल्या पाहताना पश्चिमेबाहेरच्या बालपणाचेही दर्शन घडते.

कागदवेल

आपल्या मताशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. अपवाद एकच. बांधणी सुटून निम्मी पाने हरवलेले, कसरीने खाल्लेले पुस्तक समोर आले, तर उरलेली पाने जपण्यासाठी घ्यायला मला हरकत वाटत नाही. मात्र मग ती सगळी एकत्र, मूळ क्रमाने ठेवावीत, आणि सर्वांत देखणे पान फ्रेमसाठी वेगळे काढण्याचा मोह आवरावा. विक्रेत्याला ‘हे पान कुठून आले’ असे विचारावे. उत्तर टाळले गेले तर तेही एक उत्तरच असते.

उत्सुक

नोंदी कागदाच्या मागे लिहाव्यात की वेगळ्या वहीत? आणि कशाने?

बांधणीकार

दोन्हीकडे. चित्राच्या मागे, खालच्या समासात, मऊ शिसपेन्सिलीने फक्त अनुक्रमांक लिहावा. कागद स्वच्छ, कडक पृष्ठभागावर ठेवून आणि हलक्या हाताने लिहावे, नाहीतर अक्षरांचा दाब समोर चित्रावर उमटतो. बॉलपेन, स्केचपेन आणि शाईचा शिक्का यांपैकी काहीही वापरू नये, कारण शाई कागदातून समोर येते. बाकीचा तपशील वहीत त्या अनुक्रमांकापुढे लिहावा: चित्र कोणाचे, कशावर छापले, भिंगाखाली काय दिसले, समास कापलेले आहेत का, मागे काय छापले आहे आणि प्रत कोणाकडून आली. सोबत समोरून आणि मागून असे दोन फोटो ठेवावेत. पुढे रंग उडाला किंवा डाग वाढला तर तो किती वाढला हे त्या फोटोंवरूनच सांगता येते. फोटो काढताना फ्लॅशऐवजी खिडकीतला मंद उजेड घ्यावा. त्याने चकाकी येत नाही आणि कागदाचा पोतही नीट दिसतो.